कुत्र्यांवर प्रयोग करता करता या सर्जनला प्रोस्टेट कॅन्सरची दुखरी नस सापडली

१९४० च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका हॉस्पिटलच्या वॉर्डात काही म्हातारी माणसं झोपून असायची. झोपून म्हणजे त्यांना उठताच यायचं नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलेला. कंबर, मणके, मांड्या ठणकायच्या. कूस बदलायची म्हटलं तरी जीव जायचा. डॉक्टरांच्या हातात मॉर्फिन होतं, थोडंफार रेडिएशन होतं आणि नातेवाईकांना सांगायला चार धीराचे शब्द होते. बाकी काही नाही.

अशा पेशंटवर एका सर्जननं एक छोटं ऑपरेशन करायला सुरुवात केली. ऑपरेशन कॅन्सरच्या गाठीचं नव्हतं. त्यानं गाठीला हातही लावला नाही. तरी यातल्या अनेकांचं दुखणं काही दिवसांतच उतरलं. भूक लागायला लागली. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालायला लागली.

त्या सर्जनचं नाव चार्ल्स ब्रेंटन हगिन्स. आज प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटला हार्मोनचं इंजेक्शन लिहून दिलं जातं, त्याची सुरुवात या माणसापाशी होते. पण या गड्याला मुळात कॅन्सरवर काम करायचंच नव्हतं. किंबहुना त्याला मूत्ररोगतज्ज्ञ सुद्धा व्हायचं नव्हतं.

औषध दुकानदाराचा मुलगा

हगिन्सचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ चा. गाव हॅलिफॅक्स, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. वडील फार्मासिस्ट. पोरगं अभ्यासात इतकं पुढं की १९ व्या वर्षी ॲकेडिया युनिव्हर्सिटीतून पदवी घेऊन मोकळं झालं. तिथून थेट हार्वर्डचं मेडिकल स्कूल. १९२४ ला डॉक्टर झाला तेव्हा वय होतं फक्त २२.

त्यानंतर मिशिगन युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलमध्ये त्यानं सर्जरीचे धडे गिरवले. तिथंच ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणाऱ्या मार्गारेट वेलमन या नर्सशी ओळख झाली आणि १९२७ मध्ये लग्न झालं.

त्याच वर्षी शिकागो युनिव्हर्सिटी आपलं नवीन मेडिकल स्कूल सुरू करत होती. पहिल्या फळीत जे आठ प्राध्यापक घेतले त्यात हगिन्स होता. सर्जरी विभागाचे प्रमुख होते डॅलस फेमिस्टर. त्यांना मूत्ररोग सांभाळणारा माणूस हवा होता. त्यांनी ते काम हगिन्सकडं सोपवलं.

विषय असा होता की हगिन्स जनरल सर्जन होता. मूत्ररोगाचं वेगळं शिक्षण त्यानं घेतलेलंच नव्हतं. पण नोकरी नवी, साहेब सांगतायत, नाही कसं म्हणायचं? त्यानं पुस्तकं आणली, वाचून काढली आणि कामाला लागला. पुढं या विषयातला जगातला सगळ्यात मोठा पुरस्कार ज्याच्या नावावर लागला, त्याची सुरुवात ही अशी झाली होती.

हाडांकडून एन्झाइमकडं

ऑपरेशन करून घरी जाणं हा हगिन्सचा स्वभाव नव्हता. त्याचा जीव प्रयोगशाळेत रमायचा. १९३१ च्या सुमारास तो युरोपला गेला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन नावाचे शास्त्रज्ञ होते. हाड तयार होताना फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम काय काम करतं यावर त्यांचा अभ्यास होता. हगिन्स त्यांच्याकडं शिकला.

त्या काळात त्यानं एक विचित्र गोष्ट दाखवून दिली होती. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराचा स्नायूभोवतीच्या मऊ आवरणाशी संबंध आणला, तर जिथं हाड असायचं कारण नाही तिथं हाड तयार व्हायला लागतं. याचा कॅन्सरशी काही संबंध नव्हता. पण फॉस्फेटेज मोजायची सवय त्याच्या हाताला लागली. ही सवय पुढं लाखमोलाची ठरली.

मधेच आडवी आलेली कुत्री

शिकागोला परतल्यावर हगिन्सनं एक साधा प्रश्न धरला. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. या द्रवात नेमकं काय असतं आणि तो तयार होणं कुणाच्या हातात आहे, हे त्याला शोधायचं होतं.

माणसावर हे प्रयोग करता येत नव्हते, म्हणून कुत्री घेतली. १९३९ च्या सुमारास त्यानं आणि सहकाऱ्यांनी अशी शस्त्रक्रिया बसवली की कुत्र्याच्या प्रोस्टेटचा द्रव लघवीत न मिसळता वेगळा गोळा करता येईल. एकाच कुत्र्याकडून महिनोन्‌महिने मोजमाप मिळायला लागलं.

यातून पहिली गोष्ट कळली ती अशी. कुत्र्याचे वृषण काढले की द्रव आटतो आणि ग्रंथी आक्रसते. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुष हार्मोन टोचलं की ग्रंथी पुन्हा वाढते. इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री हार्मोन दिलं की परत आक्रसते. थोडक्यात, प्रोस्टेटचा नळ हार्मोनच्या हातात होता.

आता खरा किस्सा. प्रयोगाला आणलेल्या कुत्र्यांमध्ये काही म्हातारी निघायची आणि त्यांच्या प्रोस्टेटमध्ये गाठ असायची. माणसासारखा प्रोस्टेटचा आजार आपोआप होणारे प्राणी फार कमी आहेत, त्यात कुत्रा एक. सुरुवातीला हगिन्स याला वैतागायचा. मोजमापाची सगळी घडी विस्कटायची ना. पण जरा विचार केल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. निरोगी ग्रंथी हार्मोनच्या तालावर नाचते, तर मग गाठ सुद्धा नाचत असेल का?

त्यानं गाठ असलेल्या कुत्र्यांचे वृषण काढून पाहिले. गाठ लहान झाली. मग काय, ज्या कुत्र्यांना आधी बाजूला सारलं जायचं तीच आता मुद्दाम शोधून आणली जायला लागली.

ही कल्पना कुणालाच सुचली नव्हती का?

सुचली होती. बैल खच्ची केला की त्याच्या अंगात आणि वागण्यात फरक पडतो, हे शेतकऱ्याला हजारो वर्षांपासून माहीत आहे. १८९० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट या सर्जननं वाढलेल्या प्रोस्टेटसाठी वृषण काढायचा उपाय सुचवला होता. पण ती वाढ कॅन्सरची नव्हती, परिणामांवर वाद झाले आणि तो उपाय मागं पडला. १८९६ मध्ये स्कॉटलंडच्या जॉर्ज बीटसन यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये अंडाशय काढून काही बायकांना आराम पडतो हे दाखवलं होतं.

मग हगिन्सनं वेगळं काय केलं? त्यानं मोजलं.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी दाखवलं होतं की प्रोस्टेटचा कॅन्सर शरीरात पसरला की रक्तात ॲसिड फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढतं. हगिन्सचा हात फॉस्फेटेजवर बसलेलाच होता. त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडं आता कॅन्सरचा थर्मामीटर आहे. पेशंटला बरं वाटतंय का, एवढ्यावर विसंबायची गरज नाही. रक्त सांगेल.

१९४१ चे ते पेपर

हगिन्स आणि त्याचा तरुण सहकारी क्लॅरन्स हॉजेस यांनी कॅन्सर पसरलेल्या पेशंटवर काम सुरू केलं. काहींचे वृषण काढले, काहींना इस्ट्रोजेन दिलं. दर काही दिवसांनी रक्त तपासलं. हार्मोन तुटलं की ॲसिड फॉस्फेटेज खाली यायचं. मोजक्या पेशंटना उलट पुरुष हार्मोन टोचून पाहिलं, तर ते वर चढलं.

१९४१ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. पाठोपाठ २१ पेशंटचा अहवाल आला. सगळ्यांचा कॅन्सर हाताबाहेर गेलेला. त्यातल्या बहुतेकांना आराम पडला.

त्या काळात याचा अर्थ काय होता हे समजून घ्यायला पाहिजे. केमोथेरपी अजून जन्माला आली नव्हती, कॅन्सरवरचं पहिलं केमो औषध त्याच्या पुढच्या वर्षी माणसावर वापरलं गेलं. कॅन्सरची पेशी एकदा बिघडली की ती शरीराचं काहीच ऐकत नाही, असं सगळे धरून चालले होते. हगिन्सनं दाखवलं की काही कॅन्सर अजूनही शरीराच्या आज्ञेत असतात. ज्या हार्मोनवर त्यांची मूळ ग्रंथी वाढली त्यावरच ते जगतात. तो पुरवठा तोडला की ते उपाशी पडतात.

आता याची दुसरी बाजू. हे ऑपरेशन सोपं असलं तरी पुरुषाला ते सांगणं सोपं नव्हतं. वृषण काढणं म्हणजे पुरुषपणच काढून घेणं, असं आजही अनेकांना वाटतं. लैंगिक इच्छा संपते, अंगातून गरम वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, स्नायू गळतात. दुखण्यानं तळमळणारा माणूस हा सौदा करायला तयार व्हायचा. पण सौदा होताच.

वृषण न काढता गोळी घ्यायचा मार्गही होता. १९३८ मध्ये लंडनला चार्ल्स डॉड्स यांच्या गटानं स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन बनवलं होतं. स्वस्त होतं, तोंडानं घेता यायचं. पुढची कित्येक वर्षं ते जगभर वापरलं गेलं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा कळलं की मोठ्या डोसमध्ये ही गोळी हृदयविकारानं माणसं मारतेय. कॅन्सर आटोक्यात, पण पेशंट दुसऱ्याच कारणानं गेला, असा प्रकार.

कॅन्सर परत का येतो?

हगिन्सच्या यशाला एक काटा होता. बहुतेक पेशंटमध्ये आजार परत यायचा. कुणाचा काही महिन्यांत, कुणाचा काही वर्षांत. त्या पहिल्या २१ जणांपैकी १२ वर्षांहून जास्त जगले फक्त चार. ज्या आजारात काही महिन्यांचा हिशोब असायचा त्यात चार माणसं १२ वर्षं जगणं ही मोठी गोष्ट होती. पण उरलेल्या १७ जणांचं काय, हा प्रश्न होताच.

हगिन्सला शंका आली ती ॲड्रिनल ग्रंथींची. मूत्रपिंडांच्या डोक्यावर या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्याही थोडं पुरुष हार्मोन तयार करतात. मुख्य टाकी बंद केली तरी ही मागची तोटी गळत असणार.

१९४५ मध्ये त्यानं विल्यम वॉलेस स्कॉट या सहकाऱ्याबरोबर काही पेशंटच्या दोन्ही ॲड्रिनल काढल्या. पण या ग्रंथींशिवाय माणूस जगत नाही आणि त्यांची जागा घेणारं औषध तेव्हा हाताशी नव्हतं. प्रयोग फसला. काही वर्षांनी कॉर्टिसोन मिळायला लागलं तेव्हा १९५१ च्या सुमारास डेलबर्ट बर्गेन्स्टाल यांच्या साथीनं हगिन्सनं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी पेशंट ऑपरेशननंतर तगले. स्तनाच्या कॅन्सरच्या काही बायकांना चांगला फायदा झाला, प्रोस्टेटच्या काही पेशंटनाही झाला. पण ऑपरेशन जड होतं, ते सगळ्यांना झेपणारं नव्हतं.

ॲड्रिनलबद्दलचा त्याचा अंदाज मात्र बरोबर होता. तो औषधानं साधायला २०११ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत ॲबिराटेरोन या गोळीला मान्यता मिळाली. ही गोळी ॲड्रिनलमधलं आणि खुद्द गाठीत तयार होणारं पुरुष हार्मोन सुद्धा थांबवते. हगिन्सनं चाकूनं जे करून पाहिलं होतं, ते ६० वर्षांनी गोळीनं केलं.

बेन मे लॅब आणि उशिरा आलेलं नोबेल

१९५१ मध्ये अलाबामातल्या बेन मे या लाकूड व्यापाऱ्याच्या पैशातून शिकागो युनिव्हर्सिटीत कॅन्सर संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. हगिन्स तिचा पहिला संचालक. १९६९ पर्यंत त्यानं ती चालवली. मोठा फौजफाटा त्याला आवडायचा नाही. थोडीच माणसं हाताशी घ्यायची आणि संचालक झाल्यावरही स्वतः टेबलाशी उभं राहून प्रयोग करायचे, असा त्याचा खाक्या. एका रसायनाच्या एकाच डोसनं उंदरांमध्ये स्तनाची गाठ तयार करायची पद्धत त्यानं बसवली, ती पुढं जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली. त्यानं आणलेल्या एल्वुड जेन्सन या रसायनशास्त्रज्ञानं तिथंच इस्ट्रोजेन पेशीत कुठं जाऊन बसतं ते शोधलं. आज स्तनाच्या कॅन्सरमध्ये रिसेप्टर टेस्ट करतात, तिचं मूळ हे.

१९६६ मध्ये हगिन्सला नोबेल मिळालं. शोधाला तेव्हा २५ वर्षं झाली होती. एवढा उशीर का, तर कॅन्सरच्या बाबतीत नोबेल समितीनं एकदा दूध पिऊन तोंड पोळून घेतलं होतं. १९२६ चं नोबेल योहानेस फिबिगर यांना मिळालं, कृमीमुळं कॅन्सर होतो या कामासाठी. तो निष्कर्ष पुढं चुकीचा निघाला. त्यानंतर ४० वर्षं कॅन्सर संशोधनाच्या वाट्याला नोबेल आलं नाही. १९६६ चा पुरस्कार विभागून होता. दुसरे मानकरी पेटन राउस. कोंबड्यांमध्ये कॅन्सर करणारा व्हायरस त्यांनी १९११ मध्ये दाखवला होता आणि नोबेल मिळालं तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. त्यांच्यापुढं हगिन्सचं २५ वर्षं थांबणं म्हणजे काहीच नाही.

१९७२ ते १९७९ या काळात तो ज्या ॲकेडियात शिकला तिथलाच कुलपती होता. १९८३ मध्ये मार्गारेट गेली. १२ जानेवारी १९९७ ला शिकागोत हगिन्सचं निधन झालं. वय ९५.

मग ऑपरेशनच्या आधीच हार्मोन का देत नाहीत?

हगिन्सचे पेशंट शेवटच्या टप्प्यातले होते. पण आज रक्ताच्या पीएसए टेस्टमुळं अनेकांचा कॅन्सर ग्रंथीच्या आत असतानाच सापडतो. अशा वेळी प्रोस्टेट काढून टाकायचं ऑपरेशन करता येतं. साहजिकच डॉक्टरांच्या मनात आलं, हार्मोन तोडल्यावर पसरलेला कॅन्सर सुद्धा आक्रसतो, तर आधी औषधानं गाठ लहान करू आणि मग काढू. तण काढायच्या आधी जमीन भिजवून घेतात, तसंच.

१९८० च्या दशकात यासाठी चांगलं हत्यारही आलं. मेंदूकडून वृषणांना जाणारा आदेशच थांबवणारी इंजेक्शनं. आता वृषण काढायची गरज नव्हती आणि औषध थांबवलं की बहुतेकांचं हार्मोन हळूहळू परत यायचं.

१९९० च्या दशकात अमेरिकेत सुमारे ३०० पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांचं थेट ऑपरेशन केलं, निम्म्यांना आधी तीन महिने हार्मोन रोखणारी औषधं दिली. काढलेल्या ग्रंथीच्या कडेला कॅन्सर उरलाय का हे तपासलं. थेट ऑपरेशनवाल्या गटात तो ४८ टक्के जणांत सापडला, औषधवाल्या गटात १८ टक्के जणांत.

बाजी मारली असं कुणालाही वाटेल. पण पाच वर्षांनी दोन्ही गटांचा हिशोब लावला तर पीएसए परत वाढणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच. कड स्वच्छ दिसली, पण पेशंटच्या पदरात काही पडलं नाही. एक खुलासा असा की औषधानं पेशी इतक्या सुकतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखणंच अवघड होतं. शिवाय ऑपरेशनच्या आधीच बाहेर निसटलेल्या पेशींना तीन महिन्यांचा उपास पुरत नसावा.

म्हणून पुढची बरीच वर्षं डॉक्टरांना हाच सल्ला राहिला की ऑपरेशनच्या आधी हार्मोन द्यायचं ते चाचणीतच, सरसकट नाही. रेडिएशनचं मात्र उलटं झालं. जास्त धोक्याच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनला हार्मोन थांबवण्याची जोड दिली की माणसं जास्त जगतात, हे चाचण्यांत सिद्ध झालं. औषधांचं कुळ एकच, पण जोडीदार बदलला की निकाल बदलला.

नंतर ॲबिराटेरोन, एन्झाल्युटामाइड, अपाल्युटामाइड अशी जास्त ताकदीची औषधं आली आणि जुना प्रश्न पुन्हा उघडला गेला. छोट्या चाचण्यांमध्ये काही थोड्या पेशंटच्या काढलेल्या ग्रंथीत कॅन्सर शोधूनही सापडला नाही. मग जास्त धोका असलेल्या पुरुषांवर मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. या वेळी गाठ किती लहान झाली एवढंच बघायचं नाही, तर आजार किती वर्षं लांब राहिला हे बघायचं, हे आधीच्या ठेचेतून शिकलेलं.

घरात कुणाला प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालं आणि डॉक्टर थेट ऑपरेशनची तारीख देत असतील, तर आधी औषध का नाही, हा प्रश्न मनात येणारच. त्यांना तो जरूर विचारावा. उत्तर कॅन्सरच्या धोक्याच्या पातळीवर, वयावर आणि बाकीच्या आजारांवर अवलंबून असतं.

भारतात आजही पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या अनेक पेशंटवर वृषण काढायचं ऑपरेशन होतं. कारण साधं आहे. इंजेक्शन दर काही महिन्यांनी विकत घ्यावं लागतं, ऑपरेशनचा खर्च एकदाच. १९४१ मध्ये शिकागोत जे केलं गेलं तेच, त्याच कारणासाठी. रात्री कूस बदलताना माणूस ओरडू नये म्हणून.